आम्ब्रोसियोचे शेवटचे पाते

कारखान्याचा पहिला भोंगा झाला, की मी उठत असे. त्या शनिवारीही तशीच उठले. खिडकीच्या कठड्यावर रात्रभरात साठलेली चिपाडाची काळी राख ओल्या फडक्याने पुसली, चहाचे आधण ठेवले आणि रघुवीरच्या डब्यासाठी विळी मांडून, तिच्या पाटावर गुडघा रोवून, चवळीच्या शेंगा चिरायला बसले. बाहेर उसाच्या गाड्या लागल्या होत्या आणि हवेत मळीचा तो आंबूस वास होता. डोळे मिटले असते, तर मी सांगलीतच आहे असे वाटले असते. पण आम्ही होतो फिलिपिन्समधल्या नेग्रोस नावाच्या बेटावर. रघुवीर तिथल्या साखर कारखान्यात रसायनतज्ज्ञ म्हणून करारावर आला होता, आणि मी त्याच्याबरोबर.

विळी मी मिरजेहून गोधडीत गुंडाळून आणली होती. ती पाहायला शेजारच्या बायका मुद्दाम येत. पाते जमिनीवर बसवायचे आणि भाजी त्याच्याकडे न्यायची, हे त्यांना फार विनोदी वाटे. त्यांच्याकडे पाते हातात असते आणि ते सगळीकडे जाते: शेतात, माडावर, स्वयंपाकघरात, कुंपणापाशी. मला मात्र विळीच बरी वाटे. घरातली सुरी मी शक्यतो कपाटातच ठेवत असे.

"आज तलवारी पुऱ्या होणार का?" चहाचा कप पुढे ओढत रघुवीरने विचारले.

"तलवारी झाल्या. त्यांच्या पाट्या व्हायच्यात. उद्या उद्घाटन आहे."

"मग दुपारी जेवायची आठवण ठेव. नाहीतर त्या पोल्दो सरांच्या नादाला लागून उपाशी राहशील."

सर पोल्दो हे तिथले निवृत्त इतिहासशिक्षक. गावाच्या सणाला जोडून, नगरभवनाच्या तळमजल्यावर ते देशी शस्त्रांचे एक छोटे प्रदर्शन मांडत होते. मी बडोद्याला वस्तुसंग्रहालयशास्त्र शिकले आहे हे कळल्यावर ते आमच्या घरी आले होते. पण मला काम मिळाले ते पदवीमुळे नव्हे. टेबलावर पडलेली माझी किराणा मालाची यादी त्यांनी उचलली होती आणि म्हणाले होते, "हे हाताने लिहिलंय? मग पाट्या तुम्हीच लिहायच्या, मिसेस." माझे अक्षर खरोखरच छापल्यासारखे होते. त्यासाठी लहानपणी मी किती गिरवले होते, हे मी कुणाला सांगत नसे.

त्या सकाळी भिंतीवर सगळी पाती लागलेली होती. दक्षिणेकडच्या मिंदानाओचा लांबलचक कंपिलान, टोकाकडे रुंद होत जाणारा, मुठीला मगरीच्या उघड्या जबड्यासारखे दोन फाटे असलेला. सुलू बेटांचा बारोंग, पानाच्या आकाराचा आणि पाठीला जाड. तिथलाच नागमोडी क्रिस, जावा बेटावरच्या आपल्या भावंडापेक्षा थोराड, कारण इथे त्याने भोसकण्यापेक्षा वार जास्त केले. उत्तरेच्या बातांगासचा घडीचा बालिसोंग, मुठीतच झाकला जाणारा. आणि मग शेताचा बोलो, म्हणजे आपला कोयताच. सर पोल्दोंचे म्हणणे असे, की यांतल्या बऱ्याच शस्त्रांचा बाप हा बोलोच. माणसाने आधी झुडूप तोडले आणि मग माणूस.

आमच्या भागाचे शस्त्र होते तालिबोंग. मुठीपासून किंचित वाकत गेलेले आणि टोकाला निमुळते. त्याची एक खूण सर पोल्दोंनी मला पहिल्याच दिवशी दाखवली होती. इतर पात्यांना दोन्ही अंगांनी धार काढतात, याला एकाच. एक बाजू पाटीसारखी सपाट, दुसरीला उतार. उजव्या हाताने वापरायचे असेल तर उतार उजव्या अंगाला. त्यामुळे घाव सरळ आत उतरतो.

पाट्या लिहून होत आल्या होत्या, एवढ्यात इसिद्रो लोहार दारात उभा राहिला. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. हातात गोणपाटात गुंडाळलेले काहीतरी. त्याला पाहताच सर पोल्दोंनी चष्मा काढला.

"इसिद्रो, आपलं बोलणं झालंय."

"हो सर. पण मॅमनी अजून पाहिलं नाही." तो माझ्याकडे वळला. "माझ्या वडिलांचं आहे, मॅम. आम्ब्रोसियो लोहाराचं. त्यांचं शेवटचं."

गोणपाट उलगडले. साधारण हातभर लांबीचे, देखणे तालिबोंग. मूठ रेड्याच्या शिंगाची, तिच्या टोकाला पक्ष्याचे डोके. मी ते उताराकडून पाहिले, मग उलटवले, आणि मला कळले.

"उतार डावीकडे आहे," मी म्हणाले.

"आहे," इसिद्रो म्हणाला. "शेवटी शेवटी त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. सवयीने घडवत राहिले. हे झालं आणि महिन्याभरात गेले."

"डावखुऱ्या माणसासाठी केलं असेल," मी म्हणाले.

"तसं आम्ही करतो, मॅम. पण आमच्या घरी मालकाच्या हाताचं माप घेतल्याशिवाय मूठ बनत नाही. हे मागायला कुणी आलंच नाही. तातय गेल्यावर मी वाट पाहिली. आणि मूठ बघा, कुठल्या पुरुषाच्या हातात मावेल ही? शिंग कमी पडलं असणार. दिसतच नव्हतं, तर काय करणार ते." तातय म्हणजे वडील.

"त्यांची दुसरी पाती असतीलच की गावात."

"होती. चांगलं पातं लोक वापरतात, मॅम. घासून घासून ते संपतं. चुकलेलंच तेवढं उरतं." तो हसला, पण गोणपाटाची गाठ त्याने उगीचच घट्ट केली. "हे नाही लागलं, तर आम्ब्रोसियो नावाचा कुणी लोहार इथे होता, हे त्या भिंतीवरून कुणालाच कळणार नाही."

सर पोल्दोंनी घसा साफ केला. "उद्या इलोइलोहून जाणकार लोक येणार आहेत. पहिला प्रश्न याच पात्यावर विचारतील. तुझ्या बापावर हसतील, इसिद्रो. ते मला नकोय."

"मग असं करा," इसिद्रो म्हणाला. "टोक उजवीकडे करून लावा. उतार समोर येईल. कुणाला कळणार नाही."

"सगळी टोकं डावीकडे आणि एकाचंच उजवीकडे? आंधळ्यालासुद्धा कळेल." आंधळ्याचे नाव तोंडातून गेल्यावर सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "पाटी तुम्ही लिहिणार आहात, मिसेस. तर हे लावायचं की नाही, तेही तुम्हीच ठरवा. भिंतीवर पातं टेकवायची एक घोडी मी रिकामी ठेवतो. संध्याकाळपर्यंत सांगा."

मोजमाप घ्यावे आणि पाते चालवून पाहावे, म्हणून दुपारी मी इसिद्रोच्या भट्टीवर गेले. घरामागे झावळ्यांचे छप्पर, त्याखाली ऐरण, भाता आणि ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांचा ढीग. घराच्या मागच्या दारात त्याची आई पायरीवर बसून सुपात शेंगा सोलत होती. नानाय कोन्सिंग. नानाय म्हणजे आई. सगळे गाव तिला तेच म्हणे. कारखान्यावरच्या बायकांत मी तिला अनेकदा भेटले होते, आणि दोन वर्षांत तिथली भाषा मला तिच्याशी बोलण्याइतकी येऊ लागली होती.

"इंदाय, आधी खाऊन घे," ती म्हणाली. धाकट्या बाईला तिकडे इंदाय म्हणतात. "तुझा नवरा तुला खायला देत नाही का? दर वेळी आणखी बारीक दिसतेस."

"मीच त्याला देते, नानाय."

"तेच चुकतंय."

तिने उकडलेली केळी दिली, पण भट्टीच्या छपराखाली मात्र ती आली नाही. नवरा गेल्यापासून ती तिथे पाऊल ठेवत नाही, असे इसिद्रो हळूच म्हणाला. "हे पातंही मी तिला कधी दाखवलं नाही. वर आढ्याला खोचून ठेवलं होतं. त्यांच्या हातून असं झालं, हे तिला कशाला कळायला हवं?"

त्याने उसाचे कांडे जमिनीत उभे रोवले आणि ते तालिबोंग उजव्या हातात धरले. करंगळी मुठीबाहेर राहिली. त्याने तिरका घाव घातला. पाते उसाला लागले, साल सोलत बाहेरच्या बाजूला निसटले आणि हवेत गेले. त्याने पुन्हा घातला; पुन्हा तेच.

"बघा. पळतं," तो म्हणाला. "थांबा, माझं स्वतःचं आणतो. नीट पातं कसं उतरतं, ते दाखवतो." तो घराच्या पुढच्या बाजूला गेला.

मी माप घेऊ लागले. पात्याची लांबी कागदावर टिपली, रुंदी टिपली. मूठ मोजायची राहिली होती. उजव्या हातात पेन्सिल होती, म्हणून पाते मी दुसऱ्या हाताने उचलले.

त्यानंतर मी मूठ मोजली नाही. पक्ष्याची मान करंगळीखाली येऊन टेकली, शिंगाचा उंचवटा तळव्याच्या खळग्यात बसला, आणि कुणीतरी माझा हात हातात घ्यावा तशी ती मूठ मला वाटली. मी पेन्सिल खाली ठेवली. आजूबाजूला पाहिले आणि उसावर घाव घातला.

जोर असा लावलाच नाही. उसाचा वरचा तुकडा क्षणभर होता तिथेच उभा राहिला आणि मग पडला. काप विळीवर कापल्यासारखा स्वच्छ होता.

"तू पण?"

मी दचकले. नानाय छपराखाली, ऐरणीपाशी उभी होती. हातातले शेंगांचे सूप तिने तसेच धरले होते.

"तू पण तसलीच का, इंदाय?" तिने अगदी हलक्या आवाजात पुन्हा विचारले.

मी काय सांगणार होते? माझ्या वडिलांनी मला कधी मारले नाही. ते फक्त माझा डावा हात आपल्या हातात धरून माझ्या शेजारी बसत आणि मी उजव्या हाताने गिरवत असे. आत्या म्हणे, प्रसाद कुठल्या हातात घेतेस ते देव बघतो. हळदीकुंकू, वाढप, जेवण, सही, सगळे मी उजवीकडे नेले, इतके नीट की लग्नाला सहा वर्षे होऊनही रघुवीरला ते माहीत नव्हते. फक्त सुरी हातात आली की हात घोटाळे. विळीवर पाते स्थिर असते. तिथे कुठला हात, हे कुणी विचारत नाही.

"हो नानाय," मी म्हणाले. "मी पण."

तिने सूप ऐरणीवर ठेवले. हात झग्याला पुसले. "दे इकडे."

मी पाते पुढे केले. तिने ते आधी उजव्या हातात घेतले, मग दाराकडे एकदा पाहून डाव्यात. बोटे मुठीभोवती मिटली आणि शिंग दिसेनासे झाले. माझ्या हातात ती मूठ बसली होती. तिच्या हातात ती नाहीशीच झाली. तिने उरलेल्या उसाचा एक तुकडा उडवला, मग दुसरा, मग तिसरा. सगळे सारख्या जाडीचे.

इसिद्रो स्वतःचे पाते घेऊन परत आला आणि दारातच थांबला.

"नानाय? हे काय करतेस?"

"ऊस तोडतेय."

"त्या हाताने?"

"दुसऱ्याने हे पळतं. तूच म्हणालास मघाशी. मला ऐकू येतं."

"पण तू तर सगळं उजव्या..." तो अडखळला. "तू डावखुरी आहेस?"

"शाळेत सिस्टरांनी ते सोडवलं. जे राहिलं होतं ते तुझ्या आजीने. या हाताने चूल पेटवली की घरात भांडणं होतात म्हणायची. भांडणं तीच करायची." नानाय पात्याकडे पाहत होती. "पण हे कुणाचं आहे? हे मी कधी पाहिलं नाही."

इसिद्रोने मान खाली घातली. तेव्हा मीच सांगितले, की हे तातयचे शेवटचे पाते आहे आणि ते चुकले असे सगळ्यांना वाटत होते.

नानायने पाते उजव्या हातात घेतले. मग तिने डावा पंजा उघडून समोर धरला, जणू त्यावर काही लिहिले आहे.

"त्या वर्षी मला ताप आला होता," ती म्हणाली. "पुष्कळ दिवस. एका दुपारी तो खाटेवर येऊन बसला आणि माडाच्या पातीची एक पट्टी त्याने माझ्या या हाताभोवती गुंडाळली. तळव्याभोवती, मग बोटांभोवती. डोळ्यांना दिसत नव्हतं, म्हणून अंगठ्याने चाचपत होता. मला वाटलं, तापावरचा काही मंत्र करतोय. मी म्हटलं, कर बाबा."

"माप," इसिद्रो म्हणाला. तो जमिनीवरच बसला. "माप घेत होते ते. आणि तू कधी बोलली नाहीस?"

"मंत्राचं कुणी सांगतं का? आणि ताप उतरलाही."

"पण त्यांना कसं कळलं? तू त्यांना सांगितलं होतंस?"

"कुणालाच नाही." मग तिच्या चेहऱ्यावर हसू आले. "मी चिडले की वस्तू फेकायचे. झारा, करवंटी, हाताला येईल ते. चिडल्यावर कुठला हात ते ध्यानात राहत नाही. आणि फेकायचे त्याच्यावरच, मग त्याला कळणार नाही का?"

इसिद्रो हसला, मग त्याने तोंडावरून हात फिरवला आणि काजळी गालभर पसरली. "मी सगळ्यांना सांगत आलो, त्यांना दिसत नव्हतं म्हणून."

"दिसत नव्हतंच," नानाय म्हणाली. "त्याशिवाय का हाताने बघत होता."

थोड्या वेळाने तो उठला. त्याचा आवाज आता सकाळसारखा नव्हता. "मॅम, आता ते लावता येईल. सर नाही म्हणणार नाहीत. आम्ब्रोसियोचं पातं, डाव्या हातासाठी, न चुकलेलं. बघू दे इलोइलोच्या लोकांना."

"लावायचं? कुठे?" नानायने विचारले.

"प्रदर्शनात. भिंतीवर."

"माझं पातं भिंतीवर?" तिने ते किंचित मागे घेतले. "आणि मी नारळ कशाने फोडायचे? तुझ्या त्या ट्रकच्या लोखंडाने? दोन नारळांत खांदा भरून येतो माझा."

"नानाय, त्यांचं नाव राहायला नको का गावात?"

"राहायला पाहिजे. पण हे मला आज मिळालंय, इसिद्रो. आजच."

दोघेही माझ्याकडे पाहू लागले. सर पोल्दोंनी निर्णय माझ्यावर सोपवला आहे, हे इसिद्रोला माहीत होते. त्याच्या मागण्यात काही वावगे नव्हते आणि तिच्याही. मी शिकलेल्या शास्त्राचे उत्तर मला पाठ होते: असे पाते दुर्मीळ, ते जपले पाहिजे, त्याला ओला हात लागता कामा नये. नानायचे हात उसाच्या रसाने ओले होते.

"मनोंग," मी इसिद्रोला म्हणाले. थोरल्या भावाला ते असे म्हणतात. "चांगलं पातं लोक वापरतात, असं तुम्हीच म्हणालात ना?"

त्याने आईच्या हातातल्या पात्याकडे पाहिले. मग त्याने कोपऱ्यातला धार लावायचा दगड उचलला, झटकला आणि आईच्या पुढ्यात ठेवला. "सपाट बाजूला दगड लावू नकोस," तो म्हणाला. "फक्त उताराला."

"लोहाराची बायको आहे मी," नानाय म्हणाली.

मी नगरभवनात पोचले, तेव्हा उन्हे उतरली होती. सर पोल्दो शिडीवर चढून पताका बांधत होते. भिंतीवर एक घोडी रिकामी होती.

"पातं कुठे आहे?" त्यांनी वरूनच विचारले.

"नानाय कोन्सिंगच्या स्वयंपाकघरात. ते तिच्यासाठी घडवलेलं होतं, सर. डाव्या हाताच्या मापाने."

ते खाली उतरले. मी सगळे सांगितले. शेवटी ते म्हणाले, "वर्गात मीसुद्धा पुष्कळ पोरांचे खडू डाव्या हातातून काढून उजव्यात दिले, मिसेस." आणि मग, "म्हणजे घोडी काढून टाकू?"

"नको. राहू दे."

मी टेबलाशी बसले. कोरे कार्ड पुढे ओढले. उजव्या हातात घेतलेली लेखणी थोडा वेळ तशीच धरून ठेवली आणि मग दुसऱ्या हातात घेतली. पहिले अक्षर कलले, दुसरे त्याच्यावर चढले. ओळ खाली उतरत गेली. हाताची कड ओल्या शाईवरून फिरली आणि कार्डाच्या कोपऱ्यात निळा डाग पडला. मी थांबले नाही, आणि दुसरे कार्डही घेतले नाही.

तालिबोंग. डाव्या हातासाठी. आम्ब्रोसियो लोहार यांनी पत्नी कोन्सोलासियोन यांच्यासाठी घडवले. सध्या वापरात आहे.

सर पोल्दोंनी कार्ड दिव्याखाली धरून वाचले. एकवार भिंतीवरच्या इतर पाट्यांकडे पाहिले, एकवार माझ्या शाईने माखलेल्या हाताकडे.

"अक्षर वेगळं आहे," ते म्हणाले.

"माझंच आहे, सर."

त्यांनी मान डोलावली, कार्ड रिकाम्या घोडीखाली टाचले आणि उरलेल्या पताका आवरू लागले. जाण्यापूर्वी मी शिडी भिंतीशी ओढली, वर चढले आणि ती घोडी फिरवून बसवली, म्हणजे तिच्यावर पाते असते तर त्याचे टोक उजवीकडे आले असते आणि उतार समोर.